दादाच्या गोळीचा गूळ

सुरत, मंगळवार, ड्युटीहून आल्यावर

आज विम्याच्या दवाखान्यात गेलतो. झोप लागत नाही, मशीनवर डोकं ठिकाणावर राहत नाही. पगारातून विमा कापतेतच, तं म्हटलं जाऊन पाहू. डॉक्टरनं डोक्याच्या गोळ्या देल्या, फुकट. खोलीवर येऊन पाह्यलं तं दादाच्याच गोळ्या! तोच पिवळा रंग. तो डोक्यानं बिमार, त्याले बी गावाकडं सरकारी दवाखान्यातून फुकटच भेटतेत.

पण त्याले आई गुळात घालून देते ना.

मंग रोजच्यासारखा मुकुटबनहून व्हिडिओ कॉल आला. मी पाह्यल्याशिवाय दादा गोळी गिळतच नाही. आईनं गुळाचा खडा भरवला, तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवला. मी इकडं भिंतीले टेकून पाहून राह्यलो. लहान मी, अन् लाड त्याचे. बिमार माणसाचा हेवा करते का कोणी? मी करतो. त्या गुळाचा तं लयच.

म्हटलं, "दादा, आ कर." त्यानं केलं. गोळी गेलती.

मंग तो म्हणे, "आता तू कर आ."

आई हासली. "त्याले काय झालं रे? तो तं धट्टाकट्टा आहे."

गोळी खिशातच होती. सांगता आलं असतं. मी नुसतंच तोंड उघडलं. दादा लय वेळ वाकून पाहत राह्यला.

"याच्या तोंडात गूळ नाही. आई, याले बी दे."

आईनं गमतीनं एक खडा फोनसमोर धरला. अन् मंग तो बी दादालेच देला.

कॉल संपल्यावर मी गोळी पाण्यासंग घेतली. लय कडू आहे. दादाले हे मालूम बी नसंल.