दुसऱ्या ट्रम्पेटवरचा शेरा

प्रिय धाकट्या,

तुझ्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही. रागावला असशील, रागाव. पण हे पत्र शांत बसून, आधी एकट्याने वाच.

आमच्या वाद्यवृंदाला नवे ट्रम्पेट घ्यायचे होते. सगळ्यांत जुनी वादक मी, त्यामुळे पारख माझ्याकडे आली. तीन कारागिरांनी एकेक नमुना पाठवला. आठवडाभर रोज सकाळी तालमीच्या खोलीत खिडक्या लावून मी तेच चार तुकडे तिन्हींवर वाजवत होते. पहिल्याचा आवाज खणखणीत, पण जोरात फुंकलं की पत्र्यासारखा कर्कश. तिसरा दिसायला देखणा, पण मधली कळ दाबली की अडकायची. दुसऱ्याचं काम मात्र बघत राहावं असं. नळ्यांचे जोड बोटाला लागत नव्हते, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न फाटता जायचा. फक्त हळू सुरुवात केली की आधी नुसती हवा यायची, मग सूर. मी शेरा मारला: आवाज उत्तम, कारागिरी उत्तम, प्रतिसाद मंद, म्हणून नापसंत.

चार दिवसांनी तो कारागीर स्वतःच आला. भांडायला आला असेल असं वाटलं, पण म्हणाला, बाई, माझ्यासमोर एकदा वाजवा, म्हणजे खोट कुठे आहे ते मला कळेल. मी वाजवलं. हवा, मग सूर. त्याने ट्रम्पेट घेतला, ओठांना लावला, आणि श्वासाइतका हलका सूर क्षणात उमटला. मग त्याने माझाच, वीस वर्षं वापरातला ट्रम्पेट माझ्या हातात दिला. त्यावरही आधी हवाच आली. पहिल्या-तिसऱ्याच्या ढळढळीत खोटींपुढे तिथली हवा माझ्या ध्यानातच आली नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. हळूच म्हणाला, डावीकडून वारा सुटतोय बाई, ओठ मिटत नाहीयेत. मला दरदरून घाम फुटला. ज्याच्या पोटावर मी पाय देत होते, तोच माझ्यासाठी खुर्ची ओढत होता. शेरा त्याच दिवशी मागे घेतला. काम त्यालाच मिळालं.

घरी येऊन आरशासमोर शीळ घालून पाहिली. वाजेना. गाल फुगवले, तर डावा लगेच बसला. तेव्हा बाबा आठवले. बाबांनी पंचेचाळिशीत वाजवणं सोडलं, तेव्हा लोक म्हणाले, माज चढलाय. ते अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपायचे, आणि आपण दोघं पलंगाशी उभं राहून त्यांची नक्कल करायचो. आईने एकदा धपाटाही घातला होता. त्यांना डोळे पुरते मिटताच येत नव्हते रे. आई त्यांच्या अंगात शर्ट घालायची, त्याला आपण लाड समजत होतो.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. अहवाल परवा आला. स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार आहे. आधी चेहरा, मग खांदे. जिवाला धोका नाही म्हणाल्या, पण औषधही नाही. अजून किती दिवस वाजवता येईल ते कुणालाच सांगता येत नाही. रोज सकाळी अंथरुणातच मी ओठ घट्ट मिटून बघते. तालमीत कुणी विनोद केला की तोंडावर हात धरते, न जाणो, एकाच बाजूने हसले तर?

हे सगळं तुझ्यापासून लपवायचंच ठरवलं होतं. पण आजार बाबांकडून आलाय, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काल तुझं पत्र पुन्हा काढलं. शेवटी तू गमतीत लिहिलं आहेस, पडदे लावायला उजवा हात वरच जात नाही, म्हातारा झालो, आता हे काम बायकोचं. ती ओळ वाचून मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. पुढच्या शुक्रवारी सकाळची वेळ तुझ्या रक्ततपासणीसाठी घेतली आहे. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की तू पलंगाखाली शिरायचास आणि मी तुला पाय धरून बाहेर ओढायचे. या वेळी मीच इतकी भ्याले आहे की ओढायचं बळ नाही. स्वतःहून ये. दारात मी उभी असेन.

तुझीच,
ताई