श्वसनविकार नसलेली गल्ली

प्रिय मावशी,

ज्या गल्लीत काका चार पायऱ्या चढून कठडा धरून उभे राहतात, ती शहरातली सर्वांत निरोगी गल्ली कशी? याचं उत्तर मला देता येत नाही, आणि पगार मात्र मला त्याचाच मिळतो. तुला वाकून नमस्कार, काकांना लांबूनच (बोलायला लावू नकोस, खोकला उठेल). तब्येत विचारत नाही. आमच्या कार्यालयाच्या नकाशावर तुम्ही दोघं ठणठणीत आहात.

वस्त्यावस्त्यांमधली आरोग्याची तफावत आकड्यांच्या मदतीने कमी करायची, म्हणून आम्ही घरोघर माणसं पाठवली (ही कल्पना ऐकून मी भारावले होते, हसू नकोस). प्रश्न साहेबांनी स्वतः लिहिला: 'घरात कोणास श्वसनविकार आहे काय?' भट्टीच्या धुरात राहणारी तुमची अख्खी गल्ली नाही म्हणाली. तू तर विचारायला आलेल्या मुलीला दारातच सुनावलंस म्हणे, की असले विकार आमच्याकडे नाहीत, आम्ही अब्रूने राहतो. मागे काका धापा टाकत होते, पण धापेला रकाना नव्हता. बागेजवळच्या बंगल्यांना मात्र शब्द ठाऊक होता. तिथे सर्दीसुद्धा श्वसनविकारात बसली. म्हणून छातीच्या रोगांचा दवाखाना आता बागेजवळ होणार. तफावत अशी मिटली.

दम लागतो का, असं विचारायला हवं होतं, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "दम हा शब्द शास्त्रीय नाही." मग तोच मला दिला. तरी मागच्या आठवड्यात मी तुमच्याकडे दारोदार फिरले ते 'दम लागतो का' हेच विचारायला. दम नाही असं घर सापडलं नाही (कोपऱ्यावरच्या आजींनी आधी माझ्या लग्नाचं विचारलं, मग दम खाऊन उत्तर दिलं). ते आकडे अहवालात घातले, तर साहेब म्हणतात, घरात पहिली पदवी आली की माणसाला घरचेच दिसतात. अहवाल मागे घे, नाहीतर घरी बस. विचाराला सोमवारपर्यंत मुदत आहे. तू मोठी आहेस, सांगशील तसं करीन.

तुझी भाची

ता. क. काही सांगू नकोस. फक्त आईला तू समजाव. ती अजून दूधवाल्यालाही माझा हुद्दा सांगते.

आणखी एक: अहवाल दवाखान्याची जागा ठरवणाऱ्या समितीच्या सगळ्या सभासदांना आज सकाळीच पाठवला, ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि मग हे पत्र लिहायला बसले.