कारेलीबागेतून ड्रायर रूम

सोम., १७ नोव्हें. २००३
आज आमची रूम उघडली! कंपनीच्या पोर्टलवर प्रत्येक प्रोजेक्टला एकेक रूम मिळाली आहे. खरी नव्हे, पडद्यावरची. आमच्या दारावर ‘ड्रायर – केनिया’, खाली प्रमुख म्हणून माझं नाव. आत ड्रॉइंगं, शेजारी चर्चा, आणि वर आत्ता कोण कोण आत आहे त्यांची नावं, हिरव्या ठिपक्यासकट. अख्खी दुपार एकच ठिपका. माझा. शेवटी हेतल आली. ती वाघोडियाच्या वर्कशॉपमध्ये, मी ऑफिसात, आणि तरी एका खोलीत! तिने लिहिलं, ‘मृदुलाबेन, चा क्यां छे?’ चहा वाळवायच्या ड्रायरच्या रूममध्ये चहाच नाही! एकटीच मोठ्यांदा हसले.
आमचे साहेब, पारीखसाहेब (यापुढे पा.सा.), यांनी सगळी चर्चा प्रिंट काढून मागवली आणि पेनाने उत्तरं लिहून शिपायाबरोबर पाठवली.

गुरु., २७ नोव्हें.
पुण्याचे जोगळेकर, पॅनेल बनवणारे, आज रूममध्ये सगळ्यांदेखत: ‘तुमच्या फ्रेममध्ये आमचं पॅनेल बसत नाही. कुणी मोजलं होतं का?’ कान गरम झाले. पण त्यांचं बरोबर होतं! पूर्वी हे कळलं असतं पॅनेल ट्रकमधून उतरल्यावर. मग फॅक्स, उलट फॅक्स, कुणाकडे कुठलं ड्रॉइंग... आज जेवणाच्या सुट्टीआधी नवं ड्रॉइंग रूममध्ये, आणि हेतलने तिकडे कटिंग थांबवलं. पत्रा वाचला. असं रोज व्हायला हवं.

शनि., ६ डिसें.
सकाळी रक्त दिसलं. अजित रिफायनरीतून शिफ्ट सोडून आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार खाली आहे, पूर्ण झोपून राहायचं. जिना नाही, स्कूटर नाही, ऑफिस तर नाहीच. चौथा महिना. मागच्या वेळीही चौथाच होता.
जास्त लिहवत नाही.

सोम., ८ डिसें.
पा.सा.चा फोन. ‘बेन, तमे आराम करो. प्रोजेक्ट शहाला देतो.’ इतक्या मायेने म्हणाले की भांडताही येईना. फोन ठेवला आणि रडले. आई (सासूबाई) डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘बाळापेक्षा मोठं काय असतं गं?’ काहीच नाही. मला ठाऊक आहे. पण म्हणून ड्रायर माझा नाही, असं थोडंच...

मंगळ., ९ डिसें.
हेतल संत्री घेऊन आली. बसता बसता म्हणाली, ‘रूम तो घरेथी पण खुले ने?’
उघडते! घरच्या फोनवरून! मलाच कसं सुचलं नाही! लगेच पा.सा.ना फोन. त्यांनी विचारलं, ‘डॉक्टर हा पाडशे?’ म्हणजे, हो म्हणतील का? डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, पडून टाइप करा, ताण घेऊ नका. तेव्हा पा.सा. कबूल झाले. अट एकच. उत्तरायण (आपली संक्रांत) झाल्या झाल्या केनियाचे लोक ड्रायर तपासायला येणार. तोवर कुठे अडलं तर प्रोजेक्ट शहाकडे.

शुक्र., १२ डिसें.
अजितने कॉम्प्युटर पलंगाशी ओढला, कीबोर्ड पाटावर ठेवून दिला. मॉडेम कर्कश ओरडायला लागला तशा आई स्वयंपाकघरातून धावत, ‘अगं, काय झालं त्याला?’ मग दार उघडलं. हेतल आत, जोगळेकर आत. आणि मी! आडवी, गाउनमध्ये, केस न विंचरलेले, पण आत!
अडचण एवढीच की तेवढा वेळ फोन लागत नाही. सुरतेच्या आत्याबाईंनी घाबरून समोरच्या पटेलकाकांकडे फोन करून विचारलं, मृदुला बरी आहे ना.

बुध., २४ डिसें.
आई आता खुर्ची घेऊन शेजारी बसतात. ‘आत कोण कोण आहे?’ मी वाचून दाखवते. आज माझ्या लांबलचक निरोपाला जोगळेकरांनी नुसतं ‘बरं’ लिहिलं, तर चिडल्या. ‘पुण्याचा, दुसरं काय!’ आपणही मूळचे पुण्याचेच, मी आठवण करून दिली. ‘आपण बडोद्याला येऊन सुधारलो,’ म्हणाल्या.

मंगळ., ६ जाने. २००४
गोंधळ. आज ड्रायर प्रथम चालवून पाहिला. जाळीखालून गरम हवा येते, तिच्यावर ओला चहा तरंगत, वाळत पुढे सरकायला हवा. तो एका कोपऱ्यात ढीग करून बसला. हेतलने फोटो टाकले. एकेक फोटो पट्टी पट्टीने उलगडतोय आणि मी श्वास धरून. वर ओला, खाली करपलेला.
आणि पा.सा. स्वतः रूममध्ये अवतरले! इंग्रजी कॅपिटल अक्षरांत गुजराती. शुं थयुं? शहाला बोलावू? मग जोगळेकर: ‘शहा येऊन काय करणार? प्रमुख इथे आहेत.’
जोगळेकर!! आईंना वाचून दाखवलं. ‘बरा आहे की हा.’

गुरु., ८ जाने.
दोन दिवस नुसती झुंज. हवा नळीच्या वळणावर एकाच बाजूला धावत असणार, म्हणून मी म्हटलं वळणात पाती बसवू. जोगळेकर म्हणाले, आधी पंख्याचा वेग कमी करून बघा, फुकटात होईल. हेतलने केलं. कोपरा जेमतेम हलला आणि बाकीचा चहाही खाली बसला. मग पाती. मी सरळ काढली, हेतल म्हणते वाकडी हवीत, जोगळेकर म्हणतात अजून वाकडी. भांडलो, खोडलं, परत काढलं. आता कुणाची कल्पना कुठली ते सांगता येणार नाही. असं काम मी कधी केलंच नव्हतं. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये पा.सा. बोलतात, आम्ही लिहून घेतो.
पाती बनायला टाकली. ताण घेऊ नका म्हणाल्या होत्या. हा ताण नाही, शपथ!

गुरु., १५ जाने.
कालपासून सगळी कारेलीबाग पतंग घेऊन गच्चीवर, ‘काप्यो छे!’ आणि मी खाली उंधियू खात पडून. ठीक होतं. पण आज फोन बंद! खांबावर मांजा गुरफटलाय, कुणीतरी पतंगासाठी ओढाओढ केली आणि तार तुटली. उद्या तपासणी! नवी पाती बसलीत, पण चहा टाकून अजून बघितलेलं नाही. टेलिफोन ऑफिसात कुणी नाही. अजित तणतणत परत आला. पटेलकाकांनी ऐकलं मात्र, आपल्या फोनची लांब वायर गच्चीवरून आमच्या खिडकीत सोडली. ‘तमतमारे वापरो.’ खुशाल वापरा म्हणे!

शुक्र., १६ जाने.
काकांच्या वायरीवरून रूममध्ये. हेतल मशीनपाशी बसून लिहीत होती. ‘पाहुणे आले.’ ‘पंखा चालू.’ ‘चहा टाकला.’
मग काही नाही.
आईंनी माझा हात घट्ट धरला. जोगळेकरांनी लिहिलं, ‘हेतल?’ मी लिहिलं, ‘हेतल??’
मग: ‘तरे छे! बधी चा तरे छे!’
तरंगतोय. सगळा. ती बघतच राहिली होती, लिहायचं विसरली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की अजित आंघोळीतून ‘काय झालं, काय झालं’ करत. आईंनी खिडकीतून पटेलकाकांना सांगितलं, ‘पास झाला!’ काय पास झालं ते त्यांना ठाऊक नाही, पण पेढे आले.

गुरु., २२ जाने.
पा.सा. घरी आले! संकोचून खुर्चीच्या कडेवर बसले. ड्रायर केनियात बसवायचा, तोही रूममधूनच. तिकडचे इंजिनिअर आत येणार. आणि प्रमुख मीच हवी म्हणतात. मग तारखा कळल्या. एप्रिल अखेर ते जून.
माझी तारीख मे महिन्यातली.
‘सोमवार सुधी कहेजो,’ म्हणाले. घाई नाही, पण सोमवार.
ते गेल्यावर आई बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. मग, ‘बाळंतीण पहिले काही दिवस त्या मशीनला हात लावणार नाही.’ एवढंच. हे हो की नाही? अजित म्हणतो, तू ठरव, मी आहे. आहेच, पण शिफ्ट बदलून घेणार का?
शनिवारी सोनोग्राफी. वार वर सरकली असेल तर... नसेल तर मग...
हेतलला धीर कुठला. केनियाची नवी रूम तिने उघडूनही टाकली. तिकडच्या कुणा ग्रेसने लगेच विचारलंय, इथे प्रश्न कुणाला विचारायचे? हेतलने उत्तरादाखल माझा फोटो चढवलाय. गरब्यातला, घामाघूम, हसताना.
काढून टाक, असं मी अजून तिला म्हटलेलं नाही.