तोंडातून निसटलेला शब्द

जऊळका, १२ जानेवारी १९३६

प्रिय मनकर्णा,

तू आत्याकडे निघून गेलीस आणि तुझं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक इथंच राहिलं. आत्या लिहिते, तू मार्चात पुन्हा मॅट्रिकला बसणार नाहीस, अभ्यासाचं नावही काढू देत नाहीस. म्हणून मीच ते उघडलं. निजामुद्दीन मास्तरांना ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, इंटरजेक्शन शिकवा मले. मास्तर हसले, "उकंडराव, बैलं इंग्रजी बोलून राह्यले काय?"

अलास म्हणजे अरेरे, ब्राव्हो म्हणजे शाब्बास आणि हुर्रा म्हणजे पोळ्याचं तोरण तुटल्यावर पोरं करतात तो गलका. मास्तर म्हणाले, या केवलप्रयोगी शब्दांचं वाक्यात कुणाशी नातं नसतं. एकटेच पुढं येऊन उभे राहतात. मी म्हटलं, मास्तर, यांच्यावर तर माझं घर उभं आहे!

तुला ठाऊक आहे, बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात, बोटांनी सौदा, चेहरा दगडाचा. पण एकदा एका गोऱ्या साहेबानं माझ्या पांढऱ्या जोडीतल्या एका खोंडाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या तोंडून 'आह्' निघालं. तेव्हाच ओळखलं, हा जोडी सोडत नाही. मग भाव उतरवायला माझी बोटं हललीच नाहीत. शाळा नाही, इंग्रजी नाही. सगळं कानावर कमावलं. मास्तरांना सांगितलं, बाकीचे शब्द माणूस जुळवतो, हे निसटतात. म्हणून हेच खरे.

तुझी आई दारातून ऐकत होती. म्हणाली, "मंग त्या दिवशीचा तुमचा शब्दही पोरीनं खराच समजावा का?"

माझी मान खाली गेली, मनू. तीस वर्षं बाजारात साधा हुंकार निसटू दिला नाही, आणि तुझ्या नापासाचा कागद वाचताना चार व्यापाऱ्यांदेखत, तुझ्यासमोर, माझ्या तोंडून 'हॅट्' निघालं. नापसंत बैल मागं सारताना म्हणतो, तेच. शब्द खराच होता; पण तो तुझ्यासाठी नव्हता, माझ्या फुशारकीसाठी होता. पोरगी पास झाली, असं मी आधीच साऱ्या बाजारात सांगून बसलो होतो. चुकलो. हे पत्र एवढ्यासाठीच. पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन येतो. परीक्षेचं तू ठरव. पण दार तूच उघड. मला पाहून तुझ्या तोंडून जो पहिला शब्द निसटेल, तो खरा मानीन. कोणता निघेल त्याचा अंदाज आहे मला: मी बाजारातून परतलो की निघायचा, तोच 'अय्या, बाबा!' माझे कान सहसा चुकत नाहीत.

तुझाच, अलासपासून हुर्रापर्यंत पोचलेला,
बाबा