नाचणाऱ्याची टाच

बाबा, यंदा गणपतीत बाल्या नाचाच्या फेरीत माझ्या टाचेमागची शीर फाटली. मी तिथल्या तिथे खाली बसलो. शेजारच्या खोलीतले काका धावत आले आणि म्हणतात कसे, "बापाचाच पाय रे तुझा! नाचणाऱ्याचीच शीर फाटते." तेवढ्या कळेतही मला बरं वाटलं, शप्पथ.

तुमच्या दोन्ही टाचांमागे जाड गाठी होत्या. घुंगरं बांधून बांधून आल्या, असं अख्खा डिलाईल रोड म्हणायचा. आई खोबरेल चोळता चोळता ओरडतेय, "नाचा अजून! पाय मोडला तरी अक्कल यायची नाही." तुम्ही हसताय, दुसरा पाय पुढे करताय. दसऱ्याला नाचातली सगळी पोरं सोनं देऊन तुमच्या पाया पडायची आणि मुद्दाम त्या गाठींना हात लावायची, आपल्याही पायात नाच उतरावा म्हणून. मीही लावायचो. पुढे माझ्या टाचा जाड झाल्या तेव्हा चाळभर मिरवलो. तोवर तुम्ही नव्हतात. कामावरून येताना जिन्यातच छातीत कळ आली आणि गेलात. चाळिशीही गाठली नव्हती. नजर लागली, म्हणाले लोक.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी फाटलेल्या शिरेआधी दुसऱ्या पायाची गाठ दाबून पाहिली. "वडील कशाने गेले?" मी सांगितलं. "हे नाचाचं नाही हो. ही शीर म्हणजे स्नायूची दोरी, तिच्यात कोलेस्टेरॉल साठलंय, म्हणून ती फाटली. जन्मापासून रक्तात असतं, घराण्यात चालत येतं. हृदयाच्या नळ्यांतही तेच साठतं. मुलंबाळं?" एक मुलगी, म्हटलं, तिच्या टाचेला काहीच नाही. "तरी रक्त तपासा."

काल रिपोर्ट आला. तिलाही आहे. वेळेत कळलंय, गोळ्या नीट घेतल्या तर चांगली म्हातारी होईल म्हणतात. माझ्याही गोळ्या सुरू आहेत. रडू येत नाही, रागही नाही. प्लास्टरमधल्या पायासारखं सगळं बधिर. तुमची टाच कुणी दाबून पाहिलीच नाही, आम्ही नुसते पाया पडत राहिलो, एवढंच डोक्यात फिरतं.

आज दसरा. मुलीने सोनं दिलं, वाकली, आणि तिचा हात सवयीने माझ्या धड पायाच्या गाठीकडे गेला. मी पाय मागे ओढला. बिचारी गोंधळून बघत राहिली.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होतो. नाही ठेवत, मुलगी वाचेल. खरं सांगू बाबा? सगळं कळूनही तिचा हात तिथे लागायला हवा होता मला.