मालनचा तांबड्यापलीकडचा फोटो

१२ ऑक्टोबर १९३४
मुंबईहून बोटीने पार्सल आलं. एक फिल्टर, एक खास फिल्म. फिल्टर म्हणजे जिलेटिनचा पातळ तुकडा, इतका गडद तांबडा की काळाच वाटतो. वाचनालयातल्या इंग्रजी मासिकात सगळं दिलं आहे. तांबड्यापलीकडचे, डोळ्याला न दिसणारे किरण तेवढे कॅमेऱ्यात घ्यायचे. झाडं पांढरी येतात, आकाश काळं, माणसाची कातडी संगमरवरासारखी. रत्नागिरीत हे अजून कुणी केलेलं नाही. यश येईपर्यंत कचेरीत कुणाला सांगायचं नाही.
संध्याकाळ. चौघांना सांगितलं.

१४ ऑक्टोबर
मासिक म्हणतं, फिल्टर लेन्सच्या बाहेर लावावा. मासिकवाल्यांच्या गावी खारा वारा नसावा. मी कॅमेरा उघडून आतून, लेन्सच्या मागे, डिंकाने चिकटवला. पक्का.
बायकोने, म्हणजे मथुरेने, विचारलं, यातून दिसतं काय? म्हटलं, माणसाला काहीच नाही. "मग फोटो बघायचा कुणी?" म्हणाली. 

१७ ऑक्टोबर
मालगुंडहून मेहुणे रावजी आले, सोबत मुलगी मालन. तिला मुंबईतल्या एका कारकुनाचं स्थळ आलं आहे. मुलाच्या आत्या यमुनाबाई इथेच राहतात. त्यांनी फोटो मागितला आहे. मालन सावळी. रावजींना तीच काळजी. मथुरा म्हणाली, बाजारातल्या फोटोग्राफरकडे न्या. मी म्हटलं, मुळीच नाही. माझ्या फोटोत मुलगी गोरीपान उतरेल, आणि तीसुद्धा शास्त्रशुद्ध! रावजी एकदम खूश.
मालनला कुणी विचारलं नाही. ती आपण होऊनच म्हणाली, "काका, मी सावळी आहे ते त्यांना कळायला नको का?" वय लहान आहे.

१९ ऑक्टोबर
कातळावर, आंब्याजवळ भर उन्हात उभी केली. एक्स्पोजर लांबलचक लागतो. म्हटलं, पापणी हलवू नकोस, श्वाससुद्धा बेताने. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हलली नाही. गुणी मुलगी. या किरणांचा फोकस जरा वेगळा असतो म्हणे. तो अंदाजाने घेतला.

२२ ऑक्टोबर
यश! न्हाणीघर बंद करून फिल्म धुतली. आंब्याचा कापूस झाला आहे, आकाश डांबरासारखं, आणि मालन पांढरीशुभ्र. ओठ मात्र उतरलेले नाहीत. डोळ्यांच्या जागी दोन भोकं आहेत. एवढं चालायचंच.
मथुरेने फोटो पाहिला आणि छातीवर हात ठेवला. "हा नाही हो पाठवायचा," म्हणाली. रावजी मान खाली घालून बसले. मी स्वतःच यमुनाबाईंकडे नेऊन दिला.

२९ ऑक्टोबर
यमुनाबाई आल्या. ओटीवरच बसल्या, चहा नको म्हणाल्या. फोटो रुमालात बांधून आणला होता. हळूच मथुरेला विचारलं, "गेली कधी हो बिचारी?"
 मी साइन्स समजावायला लागलो. तेवढ्यात मालन पाणी घेऊन बाहेर आली. तांब्या घेता घेता यमुनाबाईंनी वर पाहिलं आणि तो हातून सुटला. मग त्यांनी तिचा हात चाचपून पाहिला, चेहरा न्याहाळला. "अगो, ही तर छान सावळी, तरतरीत पोर! हिला असं कुणी केलं?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मुलालाच बोलावते म्हणाल्या. फोटोवर भरवसा नको.

११ नोव्हेंबर
मुलगा बोटीने आला, मालनशी चार शब्द बोलला, पसंती दिली. त्याला फोटो दाखवला तेव्हा तो इतका हसला की मालनही हसायला लागली. थोडक्यात, लग्न माझ्या फोटोमुळे जमलं. कुणी तसं म्हणत नाही. साखरपुड्याचा फोटो मीच काढणार, असं मीच जाहीर केलं. या वेळी साधी फिल्म.

१७ नोव्हेंबर
फिल्टर निघत नाही. हवेने फुगून लेन्सला बसला आहे. खरवडला तर काच जाईल. राहू दे. फोटो फार तर जरा गडद येईल.

२५ नोव्हेंबर
साखरपुडा झाला. पूर्ण रोल काढला. सगळे माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत होते. लाजत असावेत.

२६ नोव्हेंबर
सगळी फिल्म कोरी. एक रेघ नाही. मासिक पुन्हा वाचलं. साध्या फिल्मला तांबडं दिसतच नाही म्हणे. हे त्यांनी बारीक अक्षरात छापलं आहे. रावजींना अजून सांगितलेलं नाही.

२ डिसेंबर
रावजींनीच मला फोटो आणून दिला. मथुरेने त्या दिवशी बाजारातल्या फोटोग्राफरला बोलावलं होतं म्हणे. तो माझ्या मागे तिपाईवर कॅमेरा लावून उभा होता.
फोटोत सगळे आहेत. मालन आहे तशी सावळी, हसरी. पुढे मध्यभागी एक माणूस कॅमेऱ्यावर वाकलेला. नुसती पाठ, कोट काखेत उसवलेला.
मथुरेने फोटो ओटीवर लावला. यमुनाबाई आल्या होत्या, म्हणाल्या, "हा मध्येच कोण कडमडला?"
"आमचेच आहेत," मथुरा म्हणाली.