रंगवायला गुण नाहीत

बुधवार, चार फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी केबिन माझ्या वर्गापासून वीस पावलांवर, तरी पत्र लिहितेय. तिथे तू मुख्याध्यापिका असतेस आणि माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. घरी बोलायचं तर मध्ये आई. भाऊजींचा खोकला कसा आहे?

दहावीच्या रोजच्या सराव पेपराआधी पंधरा मिनिटं मुलांना चित्रं रंगवू द्यायची, हे तूच मान्य केलंस, त्याबद्दल आभार. निळी केळी काय, जांभळे हत्ती काय, नुसती धमाल! दुसऱ्या बाकावरची ती मुलगी, पेपर म्हटलं की उलट्या करणारी, आठ दिवस पोट धरून बसली नाही. एकदा तर प्रश्नपत्रिका हातात घेऊन तिनं चक्क जांभई दिली. मला कोण आनंद!

मग सोमवारी तुझा कागद आला. रंगकामाला दहापैकी गुण द्या, शुक्रवारपर्यंत यादी जमा करा, नाहीतर उपक्रम बंद आणि तुमचा लेखी खुलासा. पालकांना काहीतरी दाखवायला हवं म्हणे! मुलांच्या कानावर गेलं आणि वर्गाचा नूरच पालटला. "बाई, रेघेबाहेर गेलं तर किती कापणार?" हत्ती मुकाट राखाडी झाले. ती मुलगी पट्टी लावून रंगवत होती. काल पुन्हा बेसिनपाशी ओकली, मी तिची पाठ चोळत उभी होते.

यादी मिळणार नाही, ताई.

तू म्हणशील, एवढं काय आकाश कोसळलं? माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरातून मी अर्ध्या तासात उठून आले, आठवतं? तू साऱ्या नातेवाइकांना सांगितलंस, तिला ताप होता. मीही तेच सांगत आले, अगदी नवऱ्यालासुद्धा. ताप नव्हता. बोटं पेनभोवती वळतच नव्हती. तुला ते माहीत होतं, घरी येताना माझी ती आखडलेली बोटं तुझ्याच हातात होती. तू मला सांभाळून घेतलंस, मान्य. पण वीस वर्षं मी चोरी केल्यासारखी वागले, तेही खरं.

उद्या रंगीत पेन्सिली घेऊन वर्गात जाणार आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिणार, याला गुण नाहीत. मला काढायचं तर खुशाल काढ. फक्त कुणी विचारलं, तर या वेळी मी आजारी आहे असं सांगू नकोस.

तुझी ठणठणीत
धाकटी